गॅलरीतला दुसरा अंक

अण्णा, काल तुमचं तेरावं झालं. इतके दिवस माणसं येत होती, खुर्चीच्या कडेला टेकत होती आणि उठताना एकच वाक्य बोलत होती, "शांतपणे गेले हो. भाग्यवान." मी मान डोलवायचे, पाण्याचा पेला पुढे करायचे आणि मनात म्हणायचे, शांतपणे कुठले! चांगलं वाक्य अर्ध्यावर टाकून गेलात. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला विंगेत धरून झापलं असतं.

खाली जिन्याजवळच्या फळ्यावर परबकाकांनी खडूने तुमचं नाव, वय, गाव आणि मिल लिहिली. सगळं बरोबर आहे, अक्षरही छान काढलंय. पण त्यात 'प्रॉम्प्टर' कुठेच नाही. मी जाऊन भांडले तर म्हणाले, "मंगल, तो काय हुद्दा आहे काय लिहायला?" बघा म्हणजे. सगळा जन्म ज्या माणसाला शब्द पुरवले त्याने तुमच्यावर हे लिहिलं.

खरं सांगायचं तर मीही सुरुवातीला तसलीच होते. मी फणसवाडीची. आमच्याकडे आजोबांपासून सगळे कचेरीत, पेनाने काम करणारे. डिलाईल रोडच्या चाळीतलं स्थळ आलं तेव्हा बाबा म्हणाले, "सासरे नाटकात काम करतात." मी हरखले. लग्न होऊन आले तेव्हा कळलं की नाटकात काम म्हणजे विंगेत स्टुलावर बसून कुजबुजायचं! मी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना विचारलं, "हे स्टेजवर येतच नाहीत?" आई कोलंबी सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येतत मा. पडदो पडल्यावर, खुर्चे उचलूक."

तुमचं ते शास्त्र मात्र मला तोंडपाठ झालं, कारण ते तुम्ही मला जेवताना, चहा पिताना, भाजी निवडताना ऐकवलंत. प्रॉम्प्टरने कागदाकडे बघायचंच नाही, नटाकडे बघायचं. मध्येच गप्प झालेला नट विसरला आहे की थांबला आहे, हे ओळखता आलं पाहिजे. विसरलेला माणूस श्वास आत घेतो आणि धरून ठेवतो, त्याची नजर विंगेकडे येते. थांबलेला माणूस श्वास सोडतो आणि त्याची नजर जिथल्या तिथे असते. विसरलेल्याला शब्द द्यायचा. थांबलेल्याला दिलात तर तुम्ही त्याचा खून केलात. हे शेवटचं बोलताना तुम्ही बोट असं नाचवायचात की आमटीचे थेंब माझ्या साडीवर.

मग ते टाळेबंदीचं वर्ष आलं.

आपल्या एका खोलीत आपण पाच माणसं. तुमचा मुलगा सुधीर महापालिकेच्या पाणीखात्यात, त्याला कसली सुट्टी! तो सकाळी निघायचा आणि आला की दारातच कपडे बादलीत, सरळ मोरीत, डोक्यावरून पाणी, आणि मग "चहा." मी फ्रिजवर लॅपटॉप ठेवून उभ्याने ऑफिसचं काम करायचे. तुमच्या नातीचं, तन्वीचं कॉलेज मोरीच्या कट्ट्यावर भरायचं, कारण घरात रेंज यायची ती तेवढ्याच जागेत. सर शिकवत असायचे आणि आई मागे भांडी घासत असायच्या. एकदा सरांनी विचारलं, "हा आवाज कसला?" आणि तन्वी शांतपणे म्हणाली, "सर, कढई."

भीती होतीच. संडासाला जाताना हातात जंतुनाशकाची बाटली, येताना बाटली. कुणी खोकलं की अख्ख्या गॅलरीतली दारं कुरकुरायची. पण अण्णा, खोटं कशाला बोलू, मजाही होती. मासळीबाजार बंद पडला तेव्हा आईंनी माळ्यावरून सुक्या बांगड्यांचा डबा काढला आणि तव्यावर टाकला. वास अख्ख्या मजल्यावर गेला. प्रत्येक दारातून एकेक तोंड बाहेर आलं, सगळी मास्क नाकाखाली ओढून. परबकाका ओरडले, "वहिनी, हा जुलूम आहे!" आईंनी एक तुकडा करवंटीत ठेवून काठीने त्यांच्या उंबऱ्यापर्यंत ढकलला. लग्नाआधी अंडंसुद्धा न खाल्लेली मी, त्या दिवशी भाकरीबरोबर एक अख्खा बांगडा खाल्ला. तुम्ही तन्वीला म्हणालात, "बघ, फणसवाडी पडली."

नाटक त्याच आठवड्यात निघालं. तुमच्याच खात्यातल्या कुणी कामगाराने लिहिलेलं, कामगारांच्या स्पर्धेत तुम्ही लोकांनी कितीदा तरी केलेलं. नाव एवढं लांबलचक की हँडबिलावर दोन ओळी जायच्या. गोष्ट साधी. मुंबईला गेलेला कोकणातला माणूस कितीक वर्षांनी गावी परत येतो आणि त्याची बायको जानकी त्याला दारातच उभा ठेवते. परबकाका त्यातले हिरो, तेव्हाचे आणि आत्ताचेही, फक्त आता पोट आधी प्रवेश करायचं. प्रत्येकाने आपापल्या दारात उभं राहून बोलायचं आणि तुम्ही जिन्याच्या तोंडाशी स्टूल टाकून बसायचं, असं ठरलं. सगळं जमलं, जानकीचं अडलं. पूर्वी ते काम करायला लालबागहून एक बाई पैसे देऊन आणायचे.

तुम्ही परबकाकांची वाक्यं घेत होतात. "जानकी, मला आत नाही घेणार?" ते म्हणाले. उत्तर द्यायला कुणी नव्हतं म्हणून तुम्ही कागद वर केलात, तेवढ्यात आपल्या दारातून आवाज आला, "घर तुमचंच आहे. पण पाय कुणाचे, ते आधी सांगा."

आई. विळीवर नारळ खवत होत्या. हात थांबला नव्हता. आणि अण्णा, ज्या बाईने जन्मभर आमच्याशी मालवणीखेरीज एक अक्षर काढलं नाही, ती असं धुतल्या तांदळासारखं मराठी बोलत होती! परबकाकांनी पुढचं वाक्य टाकलं, आईंनी त्याचं उत्तर दिलं. असा सगळा प्रवेश झाला. तुम्ही कागद मांडीवर ठेवून त्यांच्याकडे बघत होतात. मी तुमचा तो चेहरा त्याआधी बघितला नव्हता. तुम्ही विचारलंत, "तुला हे कसं काय पाठ?" आई म्हणाल्या, "ह्या खोलयेत तुमच्या तालमी झाले ना? माझे कान काय गावाक गेल्ले?"

मग रोज संध्याकाळी तालीम. सुरुवातीला मास्कने घोळ घातला. तुमची ती नाजूक कुजबुज कापडातच राहायची. तुम्ही मास्क खाली ओढायचात, मी ओरडायचे, "अण्णा, मास्क वर!" मग तुम्ही मोठ्याने सांगायला लागलात. इतकं मोठ्याने की खालच्या मजल्यावरचे लोकही शब्द द्यायला लागले आणि समोरच्या चाळीत आधी प्रॉम्प्टिंग ऐकू जायचं, मागून संवाद.

आणि ते 'सडा' प्रकरण. दुसऱ्या अंकात जानकीचं मोठं भाषण आहे. "तुम्ही गेलात तेव्हा अंगणातला सडा ओला होता. तो वाळला, मी पुन्हा घातला. लोक म्हणाले, जानकी वाट बघते. मी वाट नाही बघितली. मी..." इथे आई थांबायच्या. मग हळूच, "सडा घातला." पहिल्या दिवशी त्या थांबल्या आणि तुम्ही स्टुलावरून ओरडलात, "सडा!" सगळी गॅलरी हसली. आई कडाडल्या, "विसरूक नाय मी! थांबलंय!" विसरले नाही, थांबलेय. तुमचंच शास्त्र तुमच्याच तोंडावर! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "मी..." "सडा!" "विसरूक नाय, थांबलंय!" तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्याने, समोरच्या चाळीने, सगळ्यांनी मिळून "सडा!" म्हटलं. आई आत निघून गेल्या आणि त्यांनी धाडकन दार लावून घेतलं. आपल्या चाळीत दिवसाढवळ्या लावलेलं पहिलं दार.

रात्री जेवताना तुम्ही म्हणालात, "अगं, मला भीती वाटते. तू पहिल्यांदा करत्येस. पडलीस तर?" आई म्हणाल्या, "पडलंय तर तुमच्याकडे बघीन. बघलंय तरच शबुद द्या. नायतर माझ्या तोंडातलो घास काढू नकात." तुम्ही हातातला घास खाली ठेवून म्हणालात, "नाही देणार. तू बघितल्याशिवाय नाही देणार." मी आणि तन्वी हसत होतो. साधं नवराबायकोचं भांडण, त्यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं!

पहिला अंक झाला त्या संध्याकाळी तन्वीने मोबाईलवर शूटिंग केलं. त्यात वाळत घातलेले टॉवेल आहेत, परबकाकांचं पोट आहे आणि आईंचा नुसता आवाज आहे. पण मला सगळं दिसतं. समोरच्या चाळीची प्रत्येक खिडकी भरलेली. खाली गस्तीचा हवालदार आधी शिट्टी फुंकत आला, मग शिट्टी हातात घेऊन तसाच वर बघत उभा राहिला. शेवटी टाळ्या पडल्या, थाळ्याही वाजल्या. हवालदाराने खालून विचारलं, "पुढे काय होतं?" तुम्ही कठड्यावरून वाकून सांगितलंत, "दुसरा अंक रविवारी!" तुम्ही त्या दिवशी लहान मुलासारखे दिसत होतात. आई आत जाऊन कुकर लावत होत्या, पण शिट्टी मोजायला विसरल्या आणि भाताची खीर झाली. आपण तीच खाल्ली.

रविवार उजाडायच्या आत आईंना ताप आला.

गाडी आली तेव्हा त्या स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या. आपल्याला कुणालाच सोबत जाता येणार नव्हतं. हातात कापडी पिशवी, पदर डोक्यावरून घट्ट. सगळी दारं बोटभर उघडी होती आणि त्या फटींतून डोळे. कुणी पुढे आलं नाही, येऊच शकत नव्हतं. फक्त परबकाकांनी दार उघडलं आणि ओरडले, "वहिनी, दुसरा अंक बाकी हा!" आई वळल्या नाहीत. म्हणाल्या, "येतंय." परबकाकांना मी आजन्म नावं ठेवत आले, पण त्या एका वाक्यासाठी त्यांना सगळं माफ आहे.

मग आपली चाळ बांबू आणि पत्रे लावून बंद केली. आणि ज्या लोकांनी थाळ्या वाजवल्या होत्या, त्यांच्यातलंच कुणीतरी बोललं की नाटकामुळेच आजार आला, तोंडं उघडी टाकून ओरडत होते ना. मी गॅलरीत उभी राहून त्या दिशेला जे बोलले ते तुम्ही ऐकलंत. तुम्ही नाटकाचं बाड उचललंत, जुन्या धोतरात बांधलंत आणि माळ्यावर टाकलंत.

तो फोन आला तेव्हा मीच तो तुमच्यासमोर धरला होता. तिथल्या एका नर्सने पांढऱ्या किटमधून, स्वतःचा फोन देऊन लावलेला व्हिडिओ कॉल. देव तिचं भलं करो. आईंच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. त्यांनी आधी विचारलं, जेवलात? मग मला सांगितलं, कोकमाच्या बरणीला झाकण नीट लाव. मग तुमच्याकडे, म्हणजे फोनकडे बघत म्हणाल्या, "ऐकलात? घराक येतकच तो दुसरो अंक..."

आणि थांबल्या.

घरी आल्या आल्या तो दुसरा अंक. पुढे काय, ते नाही. तुमचे ओठ हलायला लागलेले मी बघितले. तुम्ही ते मिटून घेतलेत. आई बघत होत्या, मास्कमधून श्वासाचा आवाज येत होता, तुम्ही वाट बघत होतात. मग फोन हलला, छत दिसलं, आणि बंद झाला. पुन्हा तो लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला.

तुम्ही रडला नाहीत. दिवसकार्य खोलीतच उरकलं, भटजी मोबाईलमधून मंत्र सांगत होते. त्यानंतर कितीतरी दिवसांनी एकदा चहा पिता पिता तुम्ही म्हणालात, "मंगल, माझ्या तोंडात होता शब्द. 'करू या.' एवढासा. तिने तोच मागितला आणि मी दिला नाही."

तिथून आपला वाद सुरू झाला. तो कालपरवापर्यंत चालला होता.

मी म्हणायचे, त्यांनी मागितला नव्हता हो, त्या दम खायला थांबल्या होत्या. तुम्ही म्हणायचात, थांबली होती कशावरून? मी म्हणायचे, तुम्हीच ओळखता ना श्वासावरून. तुम्ही म्हणायचात, मशीन श्वास घेत होतं, मला काय कळणार? मी म्हणायचे, मग नजर? आणि तुम्ही म्हणायचात, "तेच तर. फोनमध्ये माणूस आपल्याकडे बघतो की पडद्याकडे, कोणाला कळतं? मी तिला शब्द दिला होता की तू बघितल्याशिवाय बोलणार नाही. आणि ती बघतेय की नाही, तेच मला दिसलं नाही." यावर मी चिडायचे. एकदा तर म्हणाले, "कशावरून त्या 'करू या'च म्हणणार होत्या? 'तो दुसरा अंक आता पुरे करा' म्हणायच्या असतील!" तुम्ही इतके हसलात की चहा नाकात गेला. पुसता पुसता म्हणालात, "म्हणेल, म्हणेल, तिचा नेम नाही." वाटलं, चला, सुटलो. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला पुन्हा, "मंगल, समजा..."

एकदा तर तुम्ही हद्द केलीत. मला गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पाठवलंत, तोंडाला जाड मास्क बांधायला लावलात आणि व्हिडिओ कॉल लावलात. म्हणालात, "काहीही बोल आणि मध्येच गप्प हो. कधी खरंच विसर, कधी नुसती थांब. मी ओळखतो." शेजारी बघत होते, मला लाज वाटत होती, पण केलं. लहानपणीच्या कविता म्हटल्या, गिरगावच्या गल्ल्या म्हटल्या, मध्येच गप्प झाले. तुम्ही प्रत्येक वेळी चुकलात. मी विसरले तेव्हा म्हणालात थांबली, थांबले तेव्हा म्हणालात विसरली. मी परत खोलीत येऊन म्हटलं, "झालं ना? फोनवर नाहीच कळत. कुणालाच कळलं नसतं. आता तरी सोडा." मला वाटलं, तुमच्या छातीवरचा दगड उतरेल. तुम्ही फोन हातात तसाच धरून बसलात आणि तेव्हा, आई गेल्यानंतर पहिल्यांदा, हमसून हमसून रडलात. "म्हणजे कधीच कळणार नाही," म्हणालात. अण्णा, मी तुमचं समाधान करायला गेले होते हो.

तुम्ही त्यानंतर नाटक बघायलाही गेला नाहीत. परबकाका बोलवून थकले. गॅलरीतलं स्टूल मी कुंडीखाली घातलं. लोक सगळं विसरले. मास्क गेले, पत्रे गेले, समोरच्या खिडक्यांवर पुन्हा पडदे आले. आपण दोघंच राहिलो त्या एका वाक्यापाशी. सुधीर म्हणायचा, "तुम्ही दोघं काय कोर्टात आहात का?" होतो खरे.

आणि मग हा शेवटचा दिवस. डॉक्टर आधीच म्हणाले होते, घरीच ठेवा. सुधीर औषधं आणायला गेलेला, तन्वी ऑफिसला. मी तुम्हाला चमच्याने पेज भरवत होते. तुम्ही दोन चमचे घेतलेत, तिसरा नको म्हणून मान हलवलीत. माझ्याकडे बघितलंत. सरळ, मध्ये फोन नाही, मास्क नाही, काही नाही. आणि म्हणालात, "मंगल, तो दुसरो अंक..."

आणि थांबलात.

मी गडबडले. एवढी वर्षं तुमच्याशी हुज्जत घातली, तुमचं सगळं शास्त्र मला पाठ, पण त्या क्षणी श्वास बघायचं सुचलं नाही, नजर बघायचं सुचलं नाही. डोक्यात एकच होतं, की ह्या वेळी शब्द कमी पडता कामा नये. मी ओरडलेच. "करू या, अण्णा! करू या! परबकाकांना सांगते, आजच करू या!" गॅलरीतून कुणीतरी आत डोकावलं एवढ्या जोरात.

तुमच्या कपाळाला आठी पडली. कुणी नवा पोरगा दुसऱ्याच्या वाक्यावर वाक्य टाकायचा तेव्हा पडायची ना, तीच. आणि तुम्ही, जे माझ्याशी कायम नाटकातलं शुद्ध मराठी बोलायचात, आईंच्या भाषेत म्हणालात, "विसरूक नाय गो. थांबलंय."

डोळे मिटलेत. मी चमचा खाली ठेवला आणि गप्प बसले. म्हटलं, घ्या तुमचा वेळ. सुधीर आला, त्याला मी खुणेनेच गप्प बसवलं. तुम्ही पुढचं बोलाल म्हणून संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो होतो. तुम्ही बोलला नाहीत.

म्हणजे वाद मी जिंकले, अण्णा. कळतंय का तुम्हाला? असंच असतं ते. आईही अशाच थांबल्या होत्या, तुमच्या शब्दासाठी अडल्या नव्हत्या. तुम्ही गप्प राहिलात तेच बरोबर होतं, त्यांनी सांगितलं होतं तस्संच तुम्ही केलंत. इतकी वर्षं मी घसा फोडून हे सांगत होते आणि शेवटी ते तुम्हीच, तुमच्या तोंडाने मला सांगितलंत. मला फक्त एवढंच कळायला हवंय की ते तुम्हाला स्वतःला ऐकू आलं का. बोलता बोलता तुम्हाला लागला का त्याचा अर्थ? की नुसतंच मला दटावून गेलात आणि ते ओझं तसंच घेऊन गेलात? तेराव्याला येणारी माणसं म्हणत होती शांतपणे गेले, आणि मला दर वेळी त्यांना धरून विचारावंसं वाटत होतं, तुम्हाला कसं माहीत?

काल पंगती उठल्यावर परबकाका आले. डोळे लाल. म्हणाले, "मंगल, बाड काढ." मी म्हटलं, आज? ते म्हणाले, "वहिनी 'येतंय' म्हणून गेली ती माझ्याच सांगण्यावर. मला पण काही आहे की नाही?" मला कधी सुचलंच नव्हतं की तेही अडकलेत. सुधीरने माळ्यावरून गाठोडं काढलं. मी कुंडी बाजूला केली, स्टूल पुसलं आणि जिन्याच्या तोंडाशी ठेवलं. कुणीतरी म्हणालं, प्रॉम्प्टरला तन्वीला बसवू. मी म्हटलं, नको. स्टुलावर कुणी बसायचं नाही.

दिवे लागले होते. लोक आपापल्या दारांत उभे राहिले, आता अंतर ठेवायचं काही कारण नव्हतं तरी. मी आपल्या दारात, जिथे आई विळी घेऊन बसायच्या तिथे. वाक्यं मला पाठ आहेत, न असायला काय झालं, मीही त्याच खोलीत राहते. परबकाकांचा आवाज कापत होता पण ओढून नेलं त्यांनी. माझं भाषण आलं. फणसवाडीचं मराठी, म्हटलं आई हसत असतील. तुम्ही गेलात तेव्हा अंगणातला सडा ओला होता. तो वाळला, मी पुन्हा घातला. लोक म्हणाले, जानकी वाट बघते. मी वाट नाही बघितली. मी...

तिथे मी थांबले. आई थांबायच्या तश्शीच, मुद्दाम. शब्द माझ्या जिभेवर होता. मला फक्त तुमचं ते ओरडणं ऐकायचं होतं, सगळी गॅलरी हसलेली ऐकायची होती, आणि मग मला तुमच्यावर खेकसायचं होतं, ते वाक्यसुद्धा तयार ठेवलं होतं मी. खालचा मजला गप्प. समोरची चाळ गप्प. सगळ्यांना तो शब्द माहीत होता आणि कुणी तो दिला नाही, तुमचा मान राखून. आणि अण्णा, तेवढ्या शांततेत तो माझ्या जिभेवरून गेला. खरंच गेला. मी आतल्या आत शोधला, नाही सापडला.

मी श्वास आत घेतला, धरून ठेवला, आणि तुमच्या स्टुलाकडे बघितलं.